बोअरमधली पोरगी आणि दोन नावं

नांदेड, ३ ऑगस्ट २०२५

ती. माणिकप्पाकाका यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं लई भारी म्हणून ठेवून देता, म्हणून हे पत्र. वर्षभर राबून केलेल्या माझ्या विज्ञानकथा मालिकेचे, ‘कालविवर : मिती सात’चे, सहा भाग यूट्यूबवर टाकून महिना झाला. बघणारे त्रेपन्न, त्यातले निम्मे आपलेच सोयरे! हिमायतनगरच्या कोरड्या बोअरमधून शंभर वर्षांनंतरची मुलगी बोलते, ही गोष्ट लोकांना नकोच असेल तर शेवटचा सातवा भाग करणार नाही. खरं काय ते कळवा. काकूंना नमस्कार.

तुमची पुतणी,
अक्षरा

औसा, ९ ऑगस्ट

चि. अक्षरास शरणार्थ व आशीर्वाद.

खरं ऐक. दुकानात भांडी घ्यायला आलेल्यांना तुझ्या मालिकेचं नाव वाचून दाखवलं. त्यातल्या नरसिंगला ते पंचांग वाटलं. मिती सात श्रावणातली का भादव्यातली, म्हणून विचारलं त्यानं. मी पहिला भाग पाहिला तो तू घरची म्हणून, पण दुसरा पाहिला तो ती पोरगी पुढं काय बोलती म्हणून. माल चोख हाय, पाटी चुकली. ‘बोअरमधून कोण बोलतंय?’ असं ठेव. राग आला तर औशाला ये, समोरासमोर भांडू.

तुझाच,
माणिकप्पाकाका

नांदेड, २ सप्टेंबर

ती. काकांस सा. न.

रागारागातच नाव बदललं. दहा दिवसांत चार हजार लोक आले. निम्मे भूत बघायला आले होते; ते निघालं नाही म्हणून त्यांनी शिव्या घातल्या. एकानं बोअर मारायचा फुटाचा भाव विचारला. दुसऱ्या भागापर्यंत सहाशे टिकले. नावानं माणसं येतात, हे कबूल. पण ती गोष्टीसाठी आली कुठं? सातव्या भागाला हात लावावासा वाटत नाही.

रुसलेली,
अक्षरा

औसा, ८ सप्टेंबर

चि. अक्षरास गुरम्माकाकूचा आशीर्वाद.

मी सांगतीय अन् तुझे काका लिहून घेतायत. ऑपरेशननंतर डोळ्यावर पट्टी होती, म्हणून तुझे सहाही भाग मी नुसते ऐकले. त्याला नाव काय होतं ते मला ठावं न्हाई. तुमचं दोघांचं नावावरून भांडण चाललंय, हे आजच कळलं.

ती पोरगी वर पाणी हाय का म्हणून विचारती, अन् कुणी उत्तरच देत न्हाई. तिथंच तू थांबवलंस. काल दुपारी मला राहवलं न्हाई. आपल्या बोअरपाशी गेले, वाकले, अन् हाय गं बाई, म्हणून सांगून आले. काका हसले. तिला अशी ताटकळत ठेवू नको, बाळा.

लोभ आहेच.
काकू

ता. क. मी हसलो न्हाई, खोकलो. – माणिकप्पा

नांदेड, १२ सप्टेंबर

ती. काकूंस सा. न. वि. वि.

सातवा भाग लिहून झाला. बोअरमध्ये वाकून उत्तर देणारी एक बाई त्यात आली आहे. तिला आवाज तुमचाच हवा. रविवारी माईक घेऊन येते. काकांना म्हणावं, तेवढा वेळ खोकू नका.

तुमची,
अक्षरा