लेकीची दाढ

बाबा, तुमच्या नातीला काल बुलढाण्याच्या दवाखान्यातून घरी आणलं. जबड्याखाली चिरून पू काढला, दोन दिवस तिला श्वास घेणंही जड जात होतं. आता टाके आहेत, तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, आणि ती एकदाही रडलेली नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तुम्ही तिला पाहिलंही नाही.

माझा दात काढला तेव्हा मीही तिच्यासारखी आठ वर्षांची होते. अमडापूरच्या बाजारात वांगी-मेथी विकून झाल्यावर तुम्ही मला चिखलीला दात काढायला नेलंत. तुमच्या नखांत माती होती. खुर्चीत बसवून कानाशी वाकलात. "आवाज काढशीन तं इथंच सोडून जाईन तुले." मी आवाज काढला नाही. थुंकायचं कुठे हे विचारायची भीती वाटली, म्हणून रक्त गिळत राहिले. डॉक्टर म्हणाले, "पोरगी लय शायनी हाय तुमची." तुम्ही मला लाल पट्ट्यांच्या चपला घेतल्यात आणि परतीच्या गाडीत भेटेल त्याला माझी गोष्ट सांगितलीत. तुम्ही माझं कौतुक केल्याचं मला तेवढंच आठवतं. लेक झाली तेव्हा तिलाही मी तशीच वाढवली. पडली तर, "ऊठ, काही झालं नाही." इंजेक्शनला हात मागे घेतला, तर चापट.

मागच्या सोमवारी ती उठली ती गाल सुजून, एक डोळा मिटत आलेला. चिखलीलाच नेलं. तिथली दातांची डॉक्टरीण तरुण आहे. तिनं आरसा लेकीच्या हातात दिला, एकेक हत्यार आधी दाखवलं आणि म्हणाली, "दुखलं की डावा हात वर कर, मी लगेच थांबते." दाढेला नुसतं बोट लागलं तशी लेक घामेजली. डाव्या हातानं मात्र खुर्ची गच्च धरलेली. शेवटी डॉक्टरीणच थांबली. "पू गळ्याकडे उतरतोय. आत्ताच्या आत्ता बुलढाण्याला न्या." मग माझ्याकडे वळली, "एवढे दिवस हिनं काहीच सांगितलं नाही?"

बाबा, मी हे तुम्हाला दोष द्यायला लिहायला बसले होते. अर्धं लिहून झाल्यावर हात अडला. हे कुणाला दाखवणार नाही, म्हणून सांगते. लेकीनं सांगितलं होतं. मी पोळ्या लाटत होते, ती मागे येऊन उभी राहिली. "आई, दाढ दुखते वं माही." मी वळूनही पाहिलं नाही. "नाटकं नोको करू," म्हणाले. त्यानंतर ती दाढेचं काही बोलली नाही.

डॉक्टरणीला मी म्हणाले, "नाही, कधीच नाही." तिनं लेकीला विचारलं, "खरं का गं?"

लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.