मोहिनीचं तिकीट

ती. दादास,

नानाखेड्याहून कुमुदचा नमस्कार. आम्ही बरे आहोत.

अपूर्वाचे दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरने लेकीला प्रवास मना केलाय. म्हणून मीच तिच्या नेपाळातल्या डोंगरगावी निघालेय. बिहारातल्या जयनगरहून सीमेपलीकडे रेल्वे, पुढे जीप. डिंकाचे लाडू झालेत. काळजी नको.

सूनबाईने तिकीट मोहिनी नावाने काढलं. सीमेवर दाखवायच्या मतदार कार्डावर मात्र शाळेतलं कुमुद. लग्नात नाव बदललं होतं, हे तिला पत्ताच नाही. दुसरं तिकीट कुमुद नावाने काढलं, ते वेटिंगमध्ये. परेशान झालेय रे.

वहिनींचा गुडघा कसा आहे?

गुरुवारी निघण्याआधी फोन कर. नव्या तिकिटावरच्या, कुमुद या नावाने मला इथे कुणी हाक मारत नाही.

तुझी,
कुमुद