अपुऱ्या फीचं अपील

४ मार्च
अपील दाखल. खालच्या कोर्टाने फ्रेमिंगचं दुकान दादाचं ठरवलं आणि मला किल्ली द्यायला सांगितलं. दादा गोड बोलतो, जजसाहेब भुलले, एवढंच. वडील गेल्यापासून काचा मी कापल्या, बोटंही माझीच कापली. वरचं कोर्ट हे बघेलच. कोर्टाची फी जरा कमी पडलीय. वकील म्हणाले, उरलेली भरायला महिन्याची मुदत आहे, नाही भरली तर अपील बाद. महिना म्हणजे भरपूर.

६ मार्च
फी दुकानाच्या किमतीवर लागते म्हणे. ती किंमत दाव्यात मीच टाकली होती. वकील तेव्हा कमी लिहा म्हणत होते. पण दादासमोर आपलं दुकान स्वस्त कोण सांगेल? दुप्पट लिहिली. दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तेवढ्यात सगळं वसूल.

११ मार्च
किंमत कमी करून मिळेल का, वकिलांना विचारलं. प्रयत्न करू म्हणाले, पण दुकान ओलं आहे, अंधारं आहे, गिऱ्हाईक फिरकत नाही, असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल. सगळं खरं आहे. पण खाली सही करायची? मेलो तरी नाही.

१९ मार्च, दुपारी
बायकोने बँकेतली ठेव मोडून पैसे हातात दिले. म्हणाली, आजच भरून या. आज गर्दी असणार. उद्या पहिलं काम हेच. फायनल.

२० मार्च
वाटेत पाट्या रंगवणारा भेटला. पुढच्या महिन्यात भाव वाढवणार म्हणाला. जिंकल्यावर नवी पाटी करायचीच आहे, मग आत्ताच का नको? याला दूरदृष्टी म्हणतात. पैसे देऊन टाकले. फीचं बघू. दोन मोठी गिऱ्हाइकं फ्रेम न्यायला यायची आहेत.

३० मार्च
गिऱ्हाइकं आली नाहीत. बायकोने पावती मागितली. वकिलांकडे आहे म्हटलं. हे काही अगदी खोटं नाही, भरल्यावर ती त्यांच्याकडेच जाणार. पाटी मात्र झकास झालीय, दुकानावर लावलीसुद्धा.

५ एप्रिल
काल मुदत संपली. वकिलांचे सकाळपासून फोन. घेतले नाहीत. सारखा फोन उचलणारा माणूस रिकामटेकडा वाटतो.

१२ एप्रिल
मेव्हण्याकडून उसने घेऊन फी भरली. लेट, पण भरली! तुझ्या बहिणीला सांगू नकोस, असं त्याला बजावलं होतं. मी घरी पोचायच्या आत त्याने सांगितलं होतं. बायकोने खरी पावती मागून घेतली आणि डब्यात ठेवली. भांडली असती तर बरं झालं असतं.
उशीर माफ करावा, असा अर्ज केला. कारण: आजारपण. वकिलांनी डॉक्टरचा दाखला मागितला. मानसिक आहे म्हटलं.

१८ एप्रिल
अर्ज परत. कारकून म्हणाला, अर्जालाही तिकीट लावावं लागतं. म्हणजे फी भरायला उशीर झाला, तो माफ करा, या अर्जाचीच फी राहिली. वकिलांनी कपाळाला हात लावला. मी धीर दिला. तिकीट लावून अर्ज पुन्हा दिला.

२९ एप्रिल
सुनावणी. कॉन्फिडन्स होता. दादाच्या वकिलांनी नव्या पाटीचा फोटो पुढे केला. जजसाहेबांनी मलाच विचारलं, मुदतीत पैसे हातात आले होते का? आजारपण घडाघडा पाठ केलं होतं. पण मागच्या बाकावर बायको बसली होती.
"आले होते," म्हणालो. "पाटी केली."
कोणी हसलंही नाही. अर्ज नामंजूर. अपील बाद.
वडिलांनी माझा हात धरून काच कापायला शिकवली, ते दुकान गेलं. दादाने नेलं नाही, मी घालवलं. कोर्टाबाहेर आलो तर सगळे निघून गेले होते. बायकोच थांबली होती.

६ मे
किल्ली द्यायला गेलो. चार खणखणीत वाक्यं तयार होती. बायको बरोबर आली. दादाने किल्ली घेतली, पेटीतल्या काचांकडे बघत राहिला.
"मला काच कापता येत नाही," म्हणाला. "पगारावर राहा. उद्या नऊला ये. वेळेवर."
चारही वाक्यं विसरलो. माझ्या आधी बायको हो म्हणाली.
विचार करायला दोन दिवसांची मुदत मागितली. दोघांनीही दिली नाही.