भिंतीतला चौकड्यांचा शर्ट

दादा,

जेवण झाकून ठेवलंय, पण आधी हे वाच.

विकायला काढलेलं ते जुनं घर बघून आले. "आत काय बघायचंय, घेऊन टाकू, डागडुजी करू, विकू," असं तू तीनदा का म्हणालास, ते आता कळलं.

मागच्या खोलीत पाळण्यालगतची भिंत ओलीगच्च होती. बाबांनी शिकवल्यासारखा हातोडीच्या दांड्याने ठोका दिला, तर बद्द आवाज आला. दुसऱ्या ठोक्याला गिलावाच खाली! आत हात जाईल एवढी भेग आणि त्यात कोंबलेला बाबांचा निळ्या चौकड्यांचा शर्ट. खिसा मीच शिवला होता, वाकडी शिवण लगेच ओळखली.

मी बाबांपाशी दवाखान्यात होते तेव्हा तू एकट्याने दुरुस्त करून विकलेलं घर हेच ना? "भेग सिमेंटने भरली," असं तू त्यांना सांगितलंस. केवढे निवांत झोपले होते रे ते!

त्या घरात राहणाऱ्या बाईला म्हटलं, बाळाला घ्या आणि आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चला. दोघं तुझ्या खोलीत झोपलीत. भिंत अशी कोणी भरली, हे तिने वाटेत दोनदा विचारलं. माझा दादा सांगेल, म्हटलं.

मी गवंडीकाकांना घेऊन तिथे टेकू लावायला चाललेय. ती उठली की तूच सांग. शर्ट धुऊन दोरीवर टाकलाय. तो घालून सांग, म्हणजे खोटं बोलायला जीभ रेटणार नाही.

धाकटी