खिडकीबाहेरची कुंडी

कालव्यावरचं घर, सातवं दार
११ मार्च १९४६

प्रिय सोलांज,

आन्सेल्मकाकाचे आशीर्वाद. मी बरा आहे, गुडघे सोडून. बर्फ वितळून कालव्याला पाणी चढलंय, म्हणून दिवसातून दहादा उठून कालव्याची दारं तपासतो. तुझी दोन्ही पत्रं पोचली. चष्मा फुटल्यामुळे उत्तर राहिलं. तसा तो गेल्याच आठवड्यात फुटला.

तू पाठवलेला फोटो पाहिला. क्रेबरच तो. मिशी काढलीय, पण डाव्या कानाची पाळी तीच, तुटकी. तो म्हणतो, मी जर्मन फौजेत नुसता कारकून होतो, त्या कालव्यावर कधी गेलोच नाही. त्याला इथं पाहिलेला जिवंत माणूस मी एकटा. गुरुवारी मी कोर्टात आलो नाही तर तो सुटणार. लढाईत तू आणि ब्लांडीननं जर्मनांच्या नाकाखालून निरोप नेले. आता तू एकटी असल्या खुन्यांना हुडकत फिरतेस, आणि मी चष्म्याचं सांगतो.

मध्येच उठलो होतो. दार ठीक आहे.

त्या दिवशी क्रेबर दुपारी आला. आपली माणसं कोठीत लपवली आणि स्वतः माझ्या स्वयंपाकघरात बसला. माझाच पाव कापून टेबलावर उलटा ठेवला. आमच्यात उलटा पाव फाशी देणाऱ्याचा, अपशकुनी, म्हणून मी तो गुपचूप सुलटा केला.

"म्हातारबा, फार घाबरता हो!" तो हसला.

मी म्हटलं, "फुलांना जरा ऊन दाखवतो." आणि जिरेनियमची कुंडी खिडकीबाहेर ठेवली. कुंडी बाहेर म्हणजे येऊ नका, ही आपली खूण. इथवर तुला सांगितलं होतं. तेवढं खरं आहे.

तू चिडून म्हणालीस, "ब्लांडीन वेंधळीच! खिडकीकडे बघितलंच नसेल." मी मान डोलावली.

सोलांज, तिनं बघितलं होतं.

दिवस कलला तसं हिव पडायला लागलं. माझी मार्त जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, पण चाळीस वर्षं ती ओरडायची, "अहो, कुंड्या आत घ्या, गारठून मरतील!" हातांनी आपलं काम केलं. कुंडी चुलीजवळ ठेवली, माती झटकली, आणि मग कळलं. परत उचलायला वाकलो तर क्रेबर म्हणाला, "बसा आता."

बसलो.

सायकलची घंटी वाजली. तिनं अंगणातूनच विचारलं, "काका, सूप उरलंय का?"

'पळ' एवढं ओरडता आलं असतं. नाही ओरडलो. तिसऱ्या दिवशी त्यानं तिला खाणीत नेऊन गोळी घातली.

त्याचा वकील विचारेलच, कुंडी कुठं होती. म्हणून दोन पत्रं गप्प होतो. गुरुवारी सकाळच्या गाडीनं येतो. वकिलाच्या आधी तूच विचार. ब्लांडीनच्या आईलाही बोलाव, समोर बसव. पोरगी वेंधळी नव्हती, हे तिनं माझ्या तोंडून ऐकावं. स्टेशनावर आली नाहीस तरी चालेल, विचारत विचारत पोचेन.

यापुढं काका म्हणशील की नाही ठाऊक नाही, म्हणून पूर्ण नाव लिहितो.

आन्सेल्म कॉर्दिए