बुढ्याच्या पोटातलं बटन

२ एप्रिल, सकाळ
नातीनं, प्रीतीनं, मोबाईलमध्ये बोलून लिहायचं शिकवलं. मी बोलते, तो लिहिते. मले वाचता येत नाही, म्हणजे माझं गुपित माझ्यापासूनही सुरक्षित.
संकल्प: निमोनियानं वाळलेल्या माझ्या बुढ्याले बुद्धपौर्णिमेपर्यंत पन्नास किलोचा करणं. आजचं वजन शेहेचाळीस. उपाय: दूध, दोन टाइम, गिलासभर.

५ एप्रिल
बुढ्याचं पोट बिघडलं. कारण: नळाचं पाणी. दूध चालू.

९ एप्रिल
डॉक्टरनं दूध बंद केलं. तपासणीत निघालं, बुढ्याले दूध पचतच नाही.
प्रीती एम.एस्सी. करून राहिली, तिनं समजावलं. म्हणे, आजी, दूध पचवायचा जीन सगळ्यांजवळ असते, तो खराब नाही झाला. त्याचं बटन बाजूले असते. लेकरू अंगावर पिते तोवर चालू, मग बहुतेकांचं हळूहळू बंद. काहींचं जन्मभर चालू राहते, त्यांच्या बटनात फक्त एक अक्षर वेगळं असते.
एका अक्षरासाठी एवढा तमाशा? मले तर एकही येत नाही, काही अडलं काय?
म्हटलं, सवयीनं चालू करू. म्हणे, नाही वं आजी, ते तसं चालू होत नाही. पोरगी हुशार, पण बटनाचं तिले काय कळते? बुढ्यानं तीस वर्षं खापरखेड्याच्या वीज केंद्रात बटनंच दाबली. स्वतःच्या पोटातलं एक नाही दाबता येणार?

१० एप्रिल
नवा प्लॅन. दूध बंद, असं घरात जाहीर केलं. आजपासून वरणात एक चमचा, रोज एक वाढवायचा. बटनाले पत्ताच लागू द्यायचा नाही. बुढ्यालेही नाही.

१८ एप्रिल
नऊ चमचे. वजन चव्वेचाळीस. काटा खराब असेल.
बुढा वरण भुरकून हसला. म्हणे, कौसल्या, तुझं वरण आजकाल लय गोरं झालं वं. म्हटलं, चष्मा पुसा.

२७ एप्रिल
अठरा चमचे. बुढा सहादा संडासात. कारण: ऊन, पंचेचाळीस डिग्री.
बुढा दुपारभर माझा मोबाईल घेऊन बसते. काहून, विचारलं. म्हणे, टाइमपास.

१२ मे, बुद्धपौर्णिमा
वजन एकेचाळीस. कपडे काढून मोजलं म्हणून.
विहारात खीरदान, कढई माझ्याच हाती. सुजाताच्या खिरीनं तथागताले बळ आलं, माझ्या बुढ्याले काहून नाही येणार? वाटीभर दिली. प्रीती धावत आली, आजी, काय करून राहिली! तोवर बुढ्यानं वाटी चाटून साफ केली होती. पचलीच समजा.

१४ मे
दवाखाना. सलाईन. डॉक्टर म्हणे, अंगातलं पाणी गेलं, किडन्या थकल्या. ऊनच तसं आहे यंदा.
संकल्प: घरी आणलं की पुन्हा एका चमच्यापासून.

१६ मे
बुढा गेला. पहाटे. तेव्हा ऊन नव्हतं.

२५ मे
काल विहारात बुढ्याच्या नावानं पुण्यानुमोदन झालं.
प्रीतीनं मोबाईल घेतला, आजोबाचे फोटो पाहायले. लय वेळ वाचत बसली. मग म्हणे, आजी, यात आजोबानं पण लिहिलं आहे. तू बोलली त्या तारखांखाली, बारा मेपर्यंत.
वाच म्हटलं. नाही म्हणे. मी हात धरून बसवली तिले.
अठरा एप्रिल: नऊ चमचे. पेलो.
सत्तावीस एप्रिल: अठरा. पेलो. पोट दुखते. ती खुशीत आहे.
बारा मे: खीर मस्त झाली होती. प्रीती, तुले हे सापडलं तर आजीले वाचून दाखवू नको.
बुढ्याच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. नुसती गुळगुळीत काच.

२५ मे, दुपार
फ्रिजमध्ये अर्धा लिटर पडून होतं. गिलासभर दूध माझ्या वाट्याले जन्मात आलं नव्हतं. आधी नवरा, मग लेकरं, मग नात. आज उभ्यानं पेलं.
तासाभरात पोट पिळून निघालं. तीनदा जाऊन आले.
कारण: दूध.