मनीप्लांट आणि पालखीची वही

८ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.
आजपासून रोज लिहिणार. होमस्टेचा कायापालट करायचा. दिवेआगरला येणाऱ्या पाहुण्यांना आता मोदक आणि समुद्र पुरत नाहीत, थीम लागते. आपली थीम : जुन्या पुस्तकांच्या कुंड्या. व्हिडिओ पाहिला. पुस्तक मधोमध कोरायचं, माती, रोप, झालं. अकरा मिनिटांचं काम. नूतन म्हणाली, आधी बाथरूमची कडी बसवा. बायकोला व्हिजन नाही.

शिवाय शिमग्याला पालखी येणार. यंदा पहिलं घर आपलं! बावीस वर्षं वाट बघितली. चुलतभाऊ तुळशीराम म्हणतो, पाळी त्याची. म्हणू दे. घरांचा क्रम पालखीच्या वहीत आहे, दुसरी प्रत नाही, आणि वही गावाने विश्वासाने माझ्या कपाटात ठेवलीय.

१० फेब्रुवारी.
नूतनने कपाट रिकामं करून पुस्तकं-वह्या अंगणात उन्हात घातल्या. बुरशी धरते म्हणे. आयताच माल. नियम केला : उघडून बघायचं नाही. वाचत बसलो की कापवत नाही. आजची प्रगती : दोन पुस्तकं, एक बोट.

११ फेब्रुवारी.
कोयतीने आणखी सात. सगळ्यात देखणी खाकी कव्हरची जाड वही. तिच्यात मनीप्लांट. पडवीत दर्शनी जागी ठेवला.

१४ फेब्रुवारी.
पाणी जरा जास्त झालं. तीन पुस्तकं फुगली, एक फुटलं. एकात अळंबी उगवली. ठेवली, नैसर्गिक वाटते. पनवेलच्या पाहुण्या हेमांगीताईंनी विचारलं, वास कसला? ज्ञानाचा, म्हटलं. दुपारीच गेल्या. मुलाची परीक्षा अचानक आठवली.

१८ फेब्रुवारी.
वाळवी. म्हणजे कागद अस्सल होता.
कडी उद्या नक्की.

२१ फेब्रुवारी. संध्याकाळी.
पालखीचे कारभारी रावजीआबा आले. उद्या बैठक हाय, वही काढून ठेव म्हणाले. कपाटात वही नाही. नूतनला विचारलं. ती म्हणाली, खाकी कव्हर होतं, मीच उन्हात घातली होती. मग दोघांनी पडवीकडे बघितलं.
पण कडा शाबूत आहेत. घाबरायचं कारण नाही.

२२ फेब्रुवारी.
वही मनीप्लांटसकट नेली. उपटला तर उरलेली पानंही येतील, अशी भीती. आबांनी चष्मा लावून यंदाचं पान शोधलं. समासातले आकडे स्वच्छ : एक ते एकोणतीस. नावं मधोमध होती. तिथे मुळं.

तुळशीराम म्हणाला, पयला मान माझा. मी म्हटलं, पुरावा दाखव. तो म्हणाला, तू दाखव. लाज वाटली. फार वाटली.

शेवटी ठरलं, चिठ्ठ्या टाकायच्या. आबांनी अठ्ठावीस केल्या. घरं एकोणतीस आहेत, हे मी जबाबदारीने लक्षात आणून दिलं. बैठकीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या मनुबाई म्हणाल्या, तुझी चिठ्ठी कशाला रं, तुझा शेवटचा नंबर पक्का हाय. त्यांनी ठराव लगेच मताला टाकला.

बिनविरोध. नूतनचाही हात वर होता.